सगळ्यांना एकच माप

पुण्यात शनिवारी दुपारी करायचं काय, हा आम्हा आयटीवाल्यांचा कायमचा प्रश्न. सिंहगडावर गर्दी, लोणावळ्याच्या वाटेवर ट्रॅफिक जाम, मॉलमध्ये तेच ते फूड कोर्ट. त्यामुळे कुणी ‘काहीतरी हटके सांग ना’ म्हटलं, की हल्ली मी एकच पत्ता देते : खडकीची वॉर सिमेट्री. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ‘दफनभूमी? वीकेंडला? बरी आहेस ना?’

बरी आहे. एकदा जाऊन तर बघा. होळकर पुलाजवळ, मुळा रोडवर आहे. बाहेर टेम्पो, रिक्षा, हॉर्न, सगळा आपला नेहमीचा गोंधळ. आत शिरलं की हिरवळ आणि तिच्यावर दगडांच्या ओळी. कवायतीला उभी राहिलेली पलटण दिसावी तशा सरळ. भुताखेतांचं वातावरण वगैरे अजिबात नाही. उलट कुणीतरी रोज झाडतंय, कापतंय, पुसतंय हे लगेच कळतं. आपल्याकडच्या सार्वजनिक जागेत ही गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांत भरते.

इथं दुसऱ्या महायुद्धातल्या राष्ट्रकुल देशांच्या सैनिकांच्या १,६६८ कबरी आहेत. आता तुम्ही म्हणाल, खडकीत कुठलं आलंय महायुद्ध? खडकीची लढाई म्हणतात ती १८१७ची, पेशव्यांची आणि इंग्रजांची. तिचा याच्याशी काही संबंध नाही. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्याकडे छावण्या होत्या, मिलिटरी हॉस्पिटलं होती, ट्रेनिंग चालायचं. घरापासून हजारो मैलांवर आलेली पोरं इथं आजारानं गेली, अपघातात गेली, जखमा चिघळून गेली. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी त्यांना पुरलं होतं. त्यातल्या ज्या कबरींची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, त्या एका ठिकाणी आणायला म्हणून ही जागा तयार केली.

प्रत्येक दगडावर मजकूर साधारण एकाच साच्यातला. वर रेजिमेंटचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, वय. मध्ये धर्माची खूण. सगळ्यात खाली, असलीच तर, घरच्यांनी दिलेली एखादी ओळ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नुसती वयं वाचत फिरले. एकोणीस. बावीस. एकवीस. आमच्या टीममध्ये नुकतीच लागलेली ट्रेनी मुलं याच वयाची आहेत. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा गलका सुरू झाला की हल्ली मला ते आकडे आठवतात.

दुसरी गोष्ट जरा उशिरा लक्षात येते. हुद्दा प्रत्येकाचा लिहिलाय, पण दगडाच्या मापात तो कुठंच दिसत नाही. मेजरचा दगड मोठा आणि साध्या शिपायाचा लहान, असं नाही. अधिकाऱ्यांसाठी वेगळा कोपरा, सावलीतली जागा, संगमरवर, काही नाही. आपल्या ऑफिसात मॅनेजरची खुर्चीसुद्धा चार इंच जास्त उंच पाठीची असते, हे आठवून मला तिथं उभ्या उभ्या हसू आलं.

अशा ठिकाणी मनात पहिल्यांदा जे येतं त्याला मराठीत फार सुंदर शब्द आहे, स्मशानवैराग्य. काय ते डेसिग्नेशन, काय ते अॅपरेझल, काय तो टू-बीएचकेचा ईएमआय. राजा असो की रंक, शेवटी सगळे सारखेच. हे वैराग्य साधारण पार्किंगपर्यंत टिकतं. पार्किंगवाल्यानं दहा रुपये जास्त मागितले की उतरतं. त्याची गंमत सोडा, पण मला मुळात ते वाक्यच पटत नाही. मरण सगळ्यांना येतं, कबूल. पण त्यानं सगळे सारखे होतात, हे कुणी सांगितलं?

याच शहरात वानवडीला जाऊन बघा. महादजी शिंदे १७९४ मध्ये तिथं वारले. त्यांच्या समाधीच्या जागी आज शिंदे छत्री आहे आणि ती देखणी आहेच. पण त्यांच्या फौजेतल्या साध्या बारगिराची राख कुठं गेली, हे कुणाला विचारणार? आणि पुण्याबाहेर पडलात तर आणखी वाईट चित्र आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आजही वेगवेगळ्या जातींच्या स्मशानभूमी वेगवेगळ्या आहेत. एकीवर पत्र्याची शेड, रस्ता, नळ. दुसरी ओढ्याच्या काठाला, पावसाळ्यात सरण भिजणार अशी. वैकुंठातल्या विद्युतदाहिनीला जात कळत नाही, पण ती दाहिनीही कुणीतरी ठरवून, पैसे मंजूर करून बसवलेली आहे. मरणानं आपणहून काही केलेलं नाही.

खडकीतल्या त्या सारख्या दगडांमागेही असंच एक ठरवणं आहे, आणि ते भांडून झालेलं आहे. ही स्टोरी मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला फेबियन वेअर नावाचा एक माजी संपादक रेडक्रॉसच्या फिरत्या अॅम्ब्युलन्स पथकावर काम करत होता. सैन्यात घ्यायला त्याचं वय जास्त होतं. फ्रान्समध्ये फिरताना त्याला दिसलं, की मेलेल्यांना घाईघाईनं पुरतायत, लाकडी फुल्या रोवतायत आणि त्याची नोंद कुणीच ठेवत नाहीये. त्यानं ती ठेवायला सुरुवात केली. त्याच सुमाराला, एप्रिल १९१५ मध्ये, ग्लॅडस्टन या माजी ब्रिटिश पंतप्रधानांचा नातू आघाडीवर मारला गेला. घराण्यानं वजन वापरलं, राजाची परवानगी आणली आणि त्याचा मृतदेह उकरून मायदेशी नेला. बाकीच्या हजारो घरांचं काय? त्यांना राजाची परवानगी कोण देणार? वेअरनं आग्रह धरला आणि त्याच वर्षी मृतदेह असे उकरून नेण्यावर बंदी आली. जो जिथं पडला तो तिथंच राहणार, लॉर्ड असो वा हमाल.

२१ मे १९१७ रोजी सनद मिळून इम्पिरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन उभं राहिलं. तेच आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, खडकीची जागा सांभाळणारं. कबरी कशा असाव्यात हे ठरवायला त्यांनी ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांना बोलावलं. केन्यननी १९१८ मध्ये अहवाल दिला : हुद्दा, पैसा, घराणं काही बघायचं नाही, सगळ्यांना एकच दगड. प्रमाण माप ठरलं २ फूट ८ इंच उंच, १ फूट ३ इंच रुंद. माथ्याला किंचित गोलाई, पाणी ओघळून जावं म्हणून.

वाचताना वाटतं, यात विरोध करण्यासारखं काय आहे? पण झाला, आणि विरोध करणारे सगळे काही खडूस जमीनदार नव्हते. लेडी फ्लॉरेन्स सेसिल या बाईंचे तीन मुलगे त्या युद्धात गेले होते. त्यांनी १९१९ मध्ये ८,००० सह्यांचा अर्ज दिला. मागणी एवढीच, की आमच्या मुलांवर दगडाऐवजी क्रॉस उभारू द्या. माझा मुलगा सरकारजमा झालाय का? त्याच्या कबरीवर काय असावं, हे त्याच्या आईनं ठरवायचं नाही तर कुणी? खरं सांगू, मी त्या काळात असते तर मीही त्या अर्जावर सही केली असती. ४ मे १९२० रोजी ब्रिटिश पार्लमेंटात यावर खडाजंगी झाली. कमिशनची बाजू मांडणाऱ्यांत चर्चिल होते. शेवटी एकच दगड हा नियम कायम राहिला. म्हणजे ही समानता फुकट आलेली नाही. तिच्यासाठी तीन मुलगे गमावलेल्या आईला नाही म्हणावं लागलं.

आईवडिलांसाठी एक सवलत ठेवली होती. दगडाच्या तळाशी त्यांना स्वतःची ओळ कोरून घेता येईल, जास्तीत जास्त ६६ अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. दर अक्षरामागे साडेतीन पेन्स. न्यूझीलंडनं इथं सरळ नकार दिला. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची ओळ कोरी राहणार, मग कसली समानता? पहिल्या महायुद्धातल्या त्यांच्या सैनिकांच्या दगडांवर घरच्यांची ओळच नाही. मला हे जरा कठोर वाटतं, पण लॉजिक चोख आहे, बॉस.

खडकीत मी त्या ओळी वाचत बसले होते तेव्हा एक माळीकाका दगडांच्या बुडाशी वाकून कात्रीनं गवत कापत होते. मशीन आहे की, मग हातानं कशाला, असं विचारलं.

‘मशीननं कडंचं निघत नाही ताई. आणि दगडाला लागलं तर? खालची ओळ झाकली की वाचणारे वाचत नाहीत.’

‘पावसाळ्यात फार काम पडत असेल?’

‘पावसाळ्यात इथून सुरू करायचं, तिथं पोचेस्तोवर इथलं परत वाढलेलं.’

एवढं बोलून ते पुढच्या दगडाकडे सरकले. कोणाचा हुद्दा काय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. गवत सगळ्यांकडे सारखंच वाढतं.

देखभाल हा शब्द या जागेच्या इतिहासात सारखा येतो. आवारातच पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे. त्यावर १,८०० हून जास्त नावं आहेत. हे सगळे त्या युद्धाच्या काळात भारतात वारले. आजच्या भारत-पाकिस्तानातल्या निरनिराळ्या गावी पुरले गेले. आणि तिथल्या कबरी नीट सांभाळणं पुढं शक्य राहिलं नाही, म्हणून नावं इथं आली. यातले ६२९ जण तर मुंबईचे रहिवासी म्हणायला हरकत नाही. जून १९६२ मध्ये त्यांचे अवशेष शिवडीच्या दफनभूमीतून इथं आणून पुन्हा पुरले. मुंबई-पुणे असा प्रवास, तोही मेल्यावर चाळीसेक वर्षांनी! जवळच आणखी एक स्मारक आहे, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढायला आफ्रिकन डिव्हिजन आल्या होत्या, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलेलं नसतं. हे १९३ जण भारतात ज्या ठिकाणी पुरले गेले, तिथली देखभाल शक्य नव्हती किंवा तिथं कुणाला पोचताच येत नव्हतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, चला, निदान या एका संस्थेनं तरी सगळ्यांना सारखं वागवलं. मलाही तसंच वाटायला आवडलं असतं. पण आता जरा लांब जावं लागेल, इराकला. आणि ती वाट पुण्यातूनच जाते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठवलेल्या सैन्यात सहावी पूना डिव्हिजन होती. तिच्यात ब्रिटिश पलटणी होत्या, पंजाबी होत्या, राजपूत होते आणि १०३, ११० आणि ११७ या आकड्यांच्या तीन मराठा पलटणीही होत्या. बगदादच्या वाटेवर मागं रेटली गेलेली ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. जवळजवळ पाच महिने उपासमार काढून २९ एप्रिल १९१६ रोजी तिनं शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. पुढं वाळवंटातून पायपीट, छावण्या, आजार. त्यातले कितीतरी परत आले नाहीत.

त्या आघाडीवर ज्यांची कबर सापडली नाही अशांसाठी बसऱ्याला भलंमोठं स्मारक बांधलं. ते ४०,५०० हून अधिक लोकांचं. (१९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमावरून ते तिथून उचलून नासिरियाच्या रस्त्याला नेलं, ती वेगळीच कथा.) त्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, अगदी साध्या शिपायांचीसुद्धा. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपायांच्या जागी पलटणीच्या नावाखाली आकडा आहे. आणखी इतके हिंदी सैनिक, बस. रातोरात एक्सेल शीटची टोटल मारावी तसं.

आणि हे त्याच कमिशननं केलं, ज्यानं लेडी सेसिलना नाही म्हटलं होतं! युरोपात त्यांनी नियम पाळला. फ्रान्समध्ये नव शापेलला १९२७ मध्ये उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून जास्त हिंदी सैनिक नावानिशी आहेत. पण युरोप सोडला की नियम पातळ व्हायला लागला. गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, एका गव्हर्नरनं तर १९२३ मध्ये मत दिलं होतं, की तिथल्या सामान्य माणसाला कबरीवरचा दगड कळणार नाही आणि त्याची किंमतही वाटणार नाही. कमिशनला ते सोयीचं पडलं. कमिशनच्याच समितीनं २२ एप्रिल २०२१ रोजी याचा अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० आशियाई आणि आफ्रिकन मृतांची नोंद इतरांच्या बरोबरीनं झाली नाही. किमान १,१६,००० जण, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, असे की त्यांचं नाव कुठंच कोरलं नाही, किंवा नोंदच नाही. कमिशननं माफी मागितली. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात मागितली.

ही बातमी तेव्हा तुमच्या नजरेतून सुटली असेल तर नवल नाही. एप्रिल २०२१ म्हणजे आपल्याकडे दुसरी लाट. रोज संध्याकाळी मोबाइलवर आकडा यायचा, कालच्यापेक्षा जास्त की कमी एवढं बघून आपण तो खाली ठेवायचो. आकड्यात आपलं कुणी असलं तरच त्याला नाव असायचं.

आमच्या घरात एक असा आकडा आहे. आजीच्या सासऱ्यांचे चुलते. सातारा जिल्ह्यातून पलटणीत गेले आणि ‘बसऱ्याला गेले ते गेलेच’, एवढीच त्यांची गोष्ट. फोटो नाही, पत्र नाही. त्या काळात सरकारनं गावोगावी दगडी पाट्या बसवल्या होत्या. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले, असा त्यांवर मजकूर. तिथंही आकडाच. खडकीहून आल्यावर मी कमिशनच्या वेबसाइटवर त्यांचं नाव टाकलं. त्या काळी घरटी एक असायचं असं साधं नाव आहे ते. यादी लांबलचक आली. कुणापुढं गावाचं नाव इंग्रजांच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, कुणापुढं फक्त बापाचं नाव, कुणापुढं काहीच नाही. पलटणीचा नंबर असता तर शोध लागला असता. तो आजीला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असेल ते सगळे गेले.

रविवारी तिला लॅपटॉपवर खडकीचे फोटो दाखवले. दगडांच्या ओळी, ते स्मारक, त्यावरची नावं. ती बराच वेळ बघत होती.

‘मग ह्येच्यावरच लावता येत न्हाई व्हय गं त्यांचं नाव? आपल्याला जायाला जवळ पडंल.’

मी तिला समजावलं, आजी, या स्मारकावर जे भारतात वारले फक्त त्यांचीच नावं आहेत.

‘बसऱ्याला वारलं म्हणून काय झालं? गेलं ते हितनंच न्हवं का,’ ती म्हणाली, आणि पुढ्यातल्या सुपातल्या शेंगा फोडायला लागली.